काकांचा साइड ड्रम : कामाच्या नोंदी

१ जून २०२५, रविवार

माळ्यावरून साइड ड्रम उतरवला. वर-खाली एकेक पान, म्हणजे ताणलेला पडदा; वरच्यावर काठ्या पडतात, खालच्याला धातूच्या तारा टेकलेल्या. ऐंशीच्या दशकात काकांनी तो ऑर्केस्ट्रात वाजवला, मग लग्नाच्या बँडला भाड्याने गेला आणि परत आला तो थेट माळ्यावर. यंदा गणपतीत आमच्या बेंजो पार्टीला खराखुरा साइड हवा आहे. ऑक्टोपॅडवर आवाज निघतो, पण पुढे नाचणाऱ्याच्या छातीत बसत नाही, असं चुलत भावाचं म्हणणं. वाजवणार तोच, तेव्हा ऐकायचं.

मोजलं. व्यास १४ इंच, उंची ५ इंच, क्रोम चढवलेलं पोलादी शेल (ड्रमचं गोल अंग), त्यावर पान ताणणारे बोल्ट ज्यांत शिरतात ते दहा लग. कंपनीचा बिल्ला गायब. बिल्ला धरून ठेवणारी पितळी रिंग तेवढी जागेवर आहे. शेलचं हवेचं भोक त्या रिंगेतूनच जातं. ते गुलालाने बुजलं होतं, काडीने मोकळं केलं.

भावाची तक्रार: "दादा, वरचं पान कितीही आवळा, नुसता टकटक करतो. तारा बोलतच नाहीत."

काकांचं निदान: "पावसाळी हवा आहे रे. उन्हात ठेव, चढेल."

हे निदान मला पटलेलं नाही. हलगी शेकावी लागते, कारण तिला कातडं आहे. कातडं ओल पितं आणि सैल पडतं. इथे दोन्ही बाजूंना पॉलिएस्टरची फिल्म आहे. ही फिल्म १९५० च्या दशकात अमेरिकेत ड्रमवर चढली ती नेमकी याच त्रासापायी, वासराचं कातडं दमट हवेत टिकेना म्हणून. रेमो बेली या अमेरिकन ड्रमरने १९५७ मध्ये पानांची कंपनी काढली तेव्हा पानाचं नावच 'वेदर किंग' ठेवलं. यंदा मान्सून २६ मेलाच मुंबईत आला. त्याने गंज वाढवला असेल, आवाज नेला नसेल.

८ जून, रविवार

सगळं खोललं. खोलण्याआधी चारी बाजूंनी फोटो काढले आणि पान शेलवर दाबून धरणारी कडी कुठल्या लगसमोर कशी बसली होती त्याच्या चिकटपट्टीवर खुणा केल्या.

काही बोल्ट हलेनात. त्यांना आदल्या रात्री तेल पाजून ठेवलं होतं, तरी एका बोल्टवर चावीच नुसती फिरली. अशा वेळी आधी उलटं न फिरवता किंचित सुलटं आवळायचं, गंजाची पकड तुटते, मग उलटं. निघाला.

व्हर्नियरवर बोल्टची जाडी ५.४ मिलिमीटर, आट्यांच्या गेजवर इंचाला २४. म्हणजे १२-२४ हे अमेरिकन माप. जपानी आणि तैवानी ड्रमलाही बहुतेक हेच असतं. आपल्या हिशेबाने पावणेदोन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). घोळ असा, की दीड सुताच्या साध्या बोल्टलाही इंचाला २४ आटे असतात. तो या लगमध्ये गोड बोलत आत शिरतो, पण अंगाने बारीक. ताण आला की आटे खात वर येतो. भाड्याच्या काळात कुणीतरी दोन ठिकाणी तेच बोल्ट घातले होते. त्यातल्या एका लगच्या आतली नट गेली आहे. दुसरी वाचली.

खरी गोष्ट निघाली ती खालच्या पानात. हाताला जड वाटलं म्हणून मायक्रोमीटर लावला. वरचं पान पाव मिलिमीटर, बरोबर. खालचंही पाव मिलिमीटर.

खाली हे पान चालतच नाही. तिथे ०.०७५ मिलिमीटरचं लागतं, म्हणजे वरच्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याचं. खालच्या पानावर कुणी काठी मारत नाही. वर ठोकलं की आतली हवा दाबली जाते, ती खालचं पान ढकलते, ते पान त्याला टेकलेल्या तारा उडवतं आणि तारा परत पानावर आपटतात. साइडची ती 'च्यार्र' म्हणजे एवढंच. जाड पान हवेच्या हलक्या धक्क्याला दाद देत नाही. जोराचा फटका कसाबसा पोहोचतो, बारीक रोल (काठ्यांचा सलग थरथराट) तर वरच्या वर मरतो. भाऊ वरचं पान आवळत बसला होता आणि दुखणं तळाला.

काकांना दाखवलं. मायक्रोमीटरकडे न बघताच म्हणाले, "फुटू नये म्हणून जाड घातलं असेल. बँडवाले सायकलवर न्यायचे." असेल. कारण समजलं म्हणून पान ठेवायचं नाही.

१५ जून, रविवार

कालचा शनिवार खरेदीत गेला. नागदेवी स्ट्रीटला बोल्ट शोधले. एम-५ हवे तेवढे, एम-६ हवे तेवढे, दोन सुती हवे तेवढे. बारा-चोवीस म्हटल्यावर दुकानदाराने चष्म्यावरून पाहिलं. चौकोनी डोक्याचा तर प्रश्नच नाही. वेळ वाचवायचा तर या बोल्टसाठी हार्डवेअरच्या बाजारात जाऊच नये. धोबीतलावला वाद्यांच्या दुकानांत सरळ मिळतात, वॉशरसकट.

तिथेच दोन्ही पानं घेतली. वरचं पांढरा लेप दिलेलं, एकपदरी. खालचं पारदर्शक, पातळ; पाकिटावर 'स्नेअर साइड' असं छापलेलं असतं, ते वाचूनच घ्यायचं. भावाला वरचं दुपदरी हवं होतं. दुपदरी टिकतं, पण हळू वाजवलं तर बोलत नाही. मी एकपदरी घेतलं. फाटलं तर पुढचं त्याच्या पैशाने.

लगच्या आतली नट जुन्या सुट्या भागांच्या डब्यात मिळाली, तिचे पैसे लावले नाहीत.

२२ जून, रविवार

साफसफाई. क्रोमवरचे गंजाचे ठिपके स्वयंपाकघरातल्या अ‍ॅल्युमिनियम फॉइलने काढले. चुरगळून बोळा करायचा, पाण्यात बुडवायचा आणि हलक्या हाताने घासायचं. अ‍ॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, म्हणून ओरखडा पडत नाही. गंज तपकिरी चिखल होऊन निघतो. जिथे क्रोमच उडालं आहे तिथे खड्डे राहणार. त्यावर मेणाचा हात दिला.

वहिनीने पितांबरी पुढे केली. ती फक्त पितळी वॉशर आणि बिल्ल्याच्या रिंगेला वापरली, दोन मिनिटांत सोनं. क्रोमला ती लावायची नाही.

आत जुन्या पद्धतीचा मफलर होता, बाहेरच्या गुंडीने फेल्टचा गोळा वरच्या पानाला आतून टेकवायचा. स्प्रिंग खिळखिळी. काढून टाकला, भोकात रबरी बूच.

लगच्या आतही बारीक स्प्रिंगा आहेत, नट जागेवर धरायला. त्या सुट्या झंकारतात आणि माणूस तारांवर संशय घेतो. प्रत्येकीत कापसाचा पेळू भरला. कंटाळवाणं काम, पण पुन्हा करावं लागत नाही.

२९ जून, रविवार

आज काठ तपासले. काचेचा सपाट तुकडा टेबलावर, त्यावर शेल उपडं, खोलीत अंधार, शेलच्या आत मोबाइलचा टॉर्च. काठ आणि काच यांच्यामधून उजेड येतो का ते बाहेरून बघायचं.

वरचा काठ: कुठेच उजेड नाही. पोलादी शेलचा काठ आत वळवलेला असतो, लाकडासारखा कातलेला नाही, त्यामुळे तो सहसा बिघडत नाही. आदळून चेपला तरच.

मग शेल उलटं केलं. समोरासमोर दोन ठिकाणी उजेडाची लांबट फट. भाऊ लगेच उठला. "दादा, इथे घासून बसलंय. कानस द्या, बाकीचा काठ लेव्हलला आणतो."

कानस त्याच्या हाती लागण्याआधी पेटीत टाकली. ही झीज नाही. स्ट्रेनर (तारा आवळायची-सोडायची खटकी) जिथे आहे तिथे एक आणि बरोबर समोर दुसरी, अशा दोनच जागी काठ मुद्दाम खाली दबवलेला असतो. त्याला बेड म्हणतात. तारांची पट्टी पानाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाते आणि दोन्हीकडे काठावरून वळून शेलच्या अंगाला बांधली जाते. काठ सगळीकडे सारखा उंच असता, तर टोकाच्या धातूच्या पट्ट्या पानावर चढून बसल्या असत्या आणि मधल्या तारा अधांतरी राहिल्या असत्या. बेडमुळे पान त्या दोन जागी जरासं खाली वाकतं आणि तारा आख्ख्या लांबीभर टेकतात. फीलर गेजने बघितलं, सर्वांत खोल जागी दीड मिलिमीटरच्या आत. दोन्हीकडचं माप जवळजवळ सारखं. यापेक्षा चांगली बातमी या ड्रमकडून अपेक्षित नव्हती. बाकी सगळं बाजारात मिळतं, बेड बाजारात मिळत नाही.

भाऊ बराच वेळ बोटाने तो उतार चाचपत होता. "एवढ्याशा खड्ड्यावर चाललंय सगळं?" म्हणाला. हो.

कडीही काचेवर ठेवून पाहिली. खालचं सपाट. वरचं एका जागी उचललेलं, रिमशॉटच्या (काठी पानावर आणि कड्यावर एकदम मारतात त्या) बाजूला. लाकडी ठोकळ्यांवर ठेवून हाताने दाबून आणलं, पूर्ण नाही, पण चालेल इतकं.

६ जुलै, रविवार, आषाढी

उपासाचं खाऊन जुळणीला बसलो. आट्यांना शिवणाच्या मशीनच्या तेलाचं एकेक बोट. जास्त नको, बोल्ट इतका सुळसुळीत झाला की वाजवताना आपणच मागे सरकतो.

तारांची जुनी पट्टी वीस तारांची. दोन तारा वाकलेल्या. वाकलेली तार सरळ होत नाही, ती पानापासून दूर राहून एकटीच खरखरते. कटरने टोकाच्या पट्टीलगत कापून टाकल्या. अठरावर काम भागेल.

पट्टी बांधायला सुतळी होती, कुजलेली. त्याऐवजी काढून टाकलेल्या जाड पानातून इंचभर रुंदीच्या फिती कापल्या. शेवटी त्या पानाचाही उपयोग झाला. फीत दोरीपेक्षा बरी, कारण ती टोकाची पट्टी आख्ख्या रुंदीने ओढते. दोरी दोन बिंदूंवर ओढते आणि एक सैल पडली की पट्टी तिरकी होते. टोकं दोन्ही काठांपासून सारख्या अंतरावर आली का, ते स्केलने बघितलं.

१३ जुलै, रविवार

सूर लावणं. आधी खालचं पान. सगळे बोल्ट बोटाने टेकतील इतकेच फिरवले. मग चावी, समोरासमोरच्या क्रमाने, प्रत्येकाला अर्धा फेरा, नंतर पाव पाव. ओळीने गोल फिरत आवळलं तर पान एका बाजूला ओढलं जातं. तबल्याचे गट्टे ठोकतानाही माणूस समोरासमोर जातो, ते सवयीचं होतं. पातळ पानावर बेडच्या जागी जोर देऊन दाबायचं नाही, तिथेच ते पहिल्यांदा सुरकुततं.

वरच्या पानाला एकदा बसल्यावर मधोमध तळहाताने चांगला दाब दिला. कुरकुरलं. नवीन पानाच्या कडेचा गोंद मोकळा होतो, फाटत नाही.

मग प्रत्येक बोल्टसमोर काठापासून इंचभर आत पेन्सिलीने टकटक. दुसरी बाजू गोधडीवर टेकवून गप्प केलेली, नाहीतर दोन्ही पानांचा आवाज मिसळतो. मोबाइलवर कंपनसंख्या दाखवणारं अ‍ॅप. वर २८८ हर्ट्‌झ, खाली ३८४ यावर थांबलो. वरच्या पानाचा स्वर षड्ज धरला तर खालच्याचा शुद्ध मध्यम. खालचं चढं ठेवलं की तारा चटकन दाद देतात. बोल्टसमोरचा आकडा सारखा येणं महत्त्वाचं, तो २८८ की २९५ याला फारसं महत्त्व नाही.

काका जवळ येऊन बसले. "सुरात आला का?" हा प्रश्न तबल्याला विचारायचा, साइडला नाही. नुसतं गोल पान वाजतं तेव्हा त्याचे वरचे स्वर मूळ स्वराच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे तुटक येतात, दुप्पट-तिप्पट येत नाहीत. म्हणून कान त्यात एक स्वर पकडू शकत नाही. तबल्याची शाई त्या स्वरांना ओढून पटीत बसवते. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये 'नेचर'मध्ये हेच मांडलं होतं. साइडला शाई नाही, उलट त्यात तारांचा खरखराट, म्हणजे सूर मोडायचीच व्यवस्था. काका एवढंच म्हणाले, "मग त्या अ‍ॅपमध्ये काय बघतोस?" बघतो ते समान ताण.

स्ट्रेनरची गुंडी: तारा पार सैल करून हळू वाजवत आवळत गेलो. खुळखुळ जाऊन आवाज स्वच्छ झाला तिथे थांबलो. पुढे आवळलं की तारा पानाला चिकटतात आणि पुन्हा टकटक. भावाचा हात याच गुंडीकडे जातो, लक्ष ठेवायला हवं.

भावाने हलक्या बोटांनी रोल काढला. बोलला.

२० जुलै, रविवार

तालमीत कीबोर्डच्या एका खर्जातल्या स्वराला ड्रम आपोआप खरखरतो. हे पूर्ण जात नाही. खालचं पान हवेच्या हलक्या धक्क्याला दाद देणारं आहे, तेच त्याचं काम. खालच्या कड्याला बेडच्या दोन्ही बाजूंचे मिळून चार बोल्ट पाव फेरा सैल केले, बरंच कमी झालं. गाणं सुरू नसेल तेव्हा लिव्हर पाडून तारा सोडायच्या, हे भावाला सांगितलं. तो 'हो' म्हणाला.

३ ऑगस्ट, रविवार

रिमशॉट जिथे पडतो तिथले दोन बोल्ट प्रत्येक तालमीत सैल होतात. बाकीचे जागेवर. कडं तिथे क्षणभर दबतं, बोल्टवरचा ताण सुटतो आणि तो थरथरत मागे फिरतो. त्या दोघांचं तेल पुसून आट्यांवर प्लंबरची टेफ्लॉन टेप गुंडाळली. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडे मिळते. बाकी आठांना टेप नाही. सगळ्यांना गुंडाळली तर चावीच्या हाताला ताण कळत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

काल दहीहंडी. दिवसभर मुसळधार, ट्रॉलीवरची ताडपत्री नावाला. ड्रम भिजला.

काकांनी रात्री पहिलं काय विचारलं, तर "पान उतरलं का?" आज सकाळी मोजलं: वर २८६, खाली ३८२. म्हणजे जिथल्या तिथे. वादाचा निकाल लागला असं मी मोठ्याने म्हटलं नाही.

पाण्याने केलं ते दुसरीकडे. तारांच्या वेटोळ्यांत पाणी अडकलं होतं आणि एका रात्रीत तांबूस छटा आली. पट्टी सोडून हेअर ड्रायरने सुकवली, तेलाच्या फडक्याने पुसली, मग कोरड्या फडक्याने. खालचं पान काढून शेल आतून पुसलं. हवेच्या भोकाच्या रिंगेखाली थेंब लपतात, तिथे टिशूची वळकटी घातली.

भाऊ रात्री ड्रम प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवणार होता. पिशवी ओल आत कोंडते. सुती चादरीत गुंडाळला, आत सिलिका जेलच्या पुड्या.

२० ऑगस्ट, बुधवार

काल लोकल बंद, घरीच. पुन्हा पाहिलं, नवीन गंज नाही. पुड्या तव्यावर मंद गरम करून परत आत.

७ सप्टेंबर, रविवार

विसर्जन झालं. दहा दिवसांत ड्रमने काय सोसलं ते बघितलं. वरच्या पानाचा पांढरा लेप मधोमध उडाला, पण खळगा नाही. खालच्या पानावर गुलाल, ओरखडा नाही. टेप लावलेले दोन बोल्ट जागेवर. त्यांच्या शेजारचा एक सैल, म्हणजे भाऊ आता काठी जरा डावीकडे मारतो. त्यालाही टेप.

स्ट्रेनरची गुंडी शेवटपर्यंत आवळलेली होती. विचारल्यावर म्हणाला, "ट्रॉलीवर ऐकू येत नव्हतं, म्हणून." ऐकू यायला मायक्रोफोन खालच्या बाजूला लावायचा. पुढच्या वेळी लावून दाखवतो. त्याखेरीज तो मानणार नाही.

१४ सप्टेंबर, रविवार

बाकी कामं: चोवीस तारांची नवी पट्टी, एक जादा खालचं पान, चार बोल्ट हाताशी. वरचं पान उलटसुलट पाहिलं, नवरात्र काढेल. २२ ला घटस्थापना, त्याआधी फक्त चावीचा फेरा.

एका बँडवाल्याने ड्रम भाड्याने मागितला. काका लगेच तयार. मी खालच्या कड्यावरच्या दहाही बोल्टांना लाल ऑइल पेंटचा ठिपका दिला, अर्धा डोक्यावर, अर्धा कड्यावर. कुणी फिरवला तर ठिपका तुटलेला दिसेल आणि भाडं दुप्पट. काकांना ही अट फार आवडली.